डॉ. श्रीराम लागू : सुरुवातीची वर्षं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लागूंचं नाव निघालं की गाडी थेट ‘नटसम्राट’वर जाते, तिथून ‘पिंजरा’ आणि ‘सामना’वर येते आणि थांबते. त्याआधीच्या जवळपास वीस वर्षांबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. एक चांगला चालणारा सर्जन एके दिवशी उठला, दवाखान्याला कुलूप लावलं आणि नट झाला, अशी एक सोयीची गोष्ट सगळीकडे फिरत असते. नाट्यशिबिरांत आणि अभिनय शिकणाऱ्या मुलांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण प्रश्नच तसे आहेत.

लागूंची कारकीर्द नेमकी कधी सुरू झाली? १९६९ मध्ये ना?

व्यावसायिक रंगभूमीवर पूर्णवेळ नट म्हणून म्हणाल, तर हो, १९६९. पण ही तारीख फक्त पोटापाण्याची आहे. नट म्हणून ते कॉलेजात असल्यापासून काम करत होते. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपासून पुण्यात त्यांचं नाटक नियमित चालू होतं. म्हणजे ‘पहिल्यांदा’ व्यावसायिक रंगमंचावर उभे राहिले तेव्हा त्यांच्या मागे सतराअठरा वर्षांच्या तालमी, प्रयोग आणि दिग्दर्शन होतं. अशा माणसाला नवोदित म्हणायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. मी म्हणणार नाही.

जन्म, शिक्षण वगैरे?

जन्म १६ नोव्हेंबर १९२७, सातारा. चार भावंडांत थोरले. शाळा पुण्यातली भावे हायस्कूल, मग फर्ग्युसन कॉलेज, मग बी. जे. मेडिकल. पुढे कान-नाक-घसा शल्यचिकित्सेचं शिक्षण. त्या काळच्या पांढरपेशा पुणेकर घरात थोरल्या मुलाकडून जे जे अपेक्षित असतं ते सगळं त्यांनी नीट पार पाडलं होतं. म्हणूनच पुढचा निर्णय लोकांच्या इतका डोळ्यांत भरला.

‘पीडीए’ म्हणजे काय?

प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन. पन्नासच्या दशकात पुण्यात उभी राहिलेली हौशी नाट्यसंस्था. प्रा. भालबा केळकर हे तिचे आधारस्तंभ, आणि लागू सुरुवातीपासून बरोबर. नाव इंग्रजी, पण सगळे पीडीएच म्हणायचे आणि अजूनही म्हणतात.

या संस्थेचं मोल कळायचं असेल तर तिच्यातून बाहेर पडलेल्यांची नावं पाहा. लागू तर आहेतच, पण जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हेही इथलेच. १९७० साली नाटककार विजय तेंडुलकरांचं ‘अशी पाखरे येती’ जब्बारांच्या दिग्दर्शनाखाली पीडीएनंच आणलं. पुढे ‘घाशीराम कोतवाल’वरून वाद झाला, मंडळी बाहेर पडली आणि थिएटर अकॅडमी जन्माला आली, ती वेगळी कथा. मुद्दा असा की लागूंना नट म्हणून घडवणारी शाळा ही. त्यांनी कुठल्या नाट्यविद्यालयाचं तोंड पाहिलं नव्हतं.

हौशी नाटक म्हणजे फावल्या वेळचं नाटकच ना? त्यातून कोण काय शिकणार?

हा प्रश्न बहुधा ज्यांनी हौशी नाटक केलेलं नाही तेच विचारतात.

मराठीत ‘हौशी’ या शब्दानं थोडा घोटाळा केला आहे. पन्नास-साठच्या दशकात पुण्या-मुंबईच्या हौशी संस्था जे करत होत्या, त्यातलं बरंचसं व्यावसायिक रंगभूमीला झेपणारं नव्हतं. संगीत नाटकाचा बहर ओसरला होता. कंपन्या मोडल्या होत्या. जुन्या नाटकांचे प्रयोग मोठ्या नटांच्या नावावर कसेबसे चालत. नवं लिहिणाऱ्यांना उभं करायचं कुणी? ते काम हौशी संस्थांनी केलं. १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाल्या आणि या संस्थांना वर्षातून एकदा तरी कस लावून घ्यायला जागा मिळाली.

तालमी संध्याकाळी, म्हणजे कुणाचं कॉलेज, कुणाची कचेरी, कुणाचा दवाखाना आटोपल्यावर. जागा मिळेल ती. नाइट मिळायची नाही; उलट वर्गणी काढून नेपथ्याचं भाडं भागवायचं. (नाइट म्हणजे प्रयोगामागे मिळणारं मानधन. नाटकवाले आजही हाच शब्द वापरतात.) गंमत अशी की यात एक मोठा फायदा होता. प्रयोग मोजके आणि तालमी महिनोन्‌महिने. धंद्याच्या नाटकात गणित बरोबर उलटं असतं: तालीम थोडी आणि प्रयोग शेकड्यांनी. सुरुवातीच्या वयात नटाला यातलं कुठलं मिळावं, असं मला कुणी विचारलं तर मी पहिलं सांगेन. वाक्य का म्हणायचं, कुणाला म्हणायचं, कुठे थांबायचं, याची चर्चा करायला पहिल्या प्रकारात वेळ असतो. लागूंच्या कामात शब्दाला जे वजन दिसतं, ते या संध्याकाळच्या तालमींतून आलेलं आहे असं माझं ठाम मत आहे.

दुसरं म्हणजे प्रेक्षक. हौशी प्रयोगाला येणारा माणूस वाचणारा, वाद घालणारा असे. तो एन्ट्रीला टाळी देत नसे. टाळीवाचून काम करायची सवय नटाला लागणं ही साधी गोष्ट नाही.

वसंत कानेटकरांशी त्यांचा संबंध ‘हिमालयाची सावली’पासूनचा ना?

नाही, त्याच्या खूप आधीपासूनचा. कानेटकरांचं पहिलं नाटक ‘वेड्याचं घर उन्हात’ १९५७ साली पीडीएनंच रंगमंचावर आणलं आणि त्यात मुख्य भूमिका लागूंची. नाटककार नवा, संस्था हौशी, नट डॉक्टर. आणि विषय घरातल्या कर्त्या पुरुषाच्या मनाच्या पडझडीचा. हे नाटक जमलं नसतं तर कानेटकर पुढे किती काळ नाटकाच्या वाटेला राहिले असते, कुणास ठाऊक.

१९६९ साली लागू व्यावसायिक रंगभूमीवर उतरले तेही कानेटकरांच्याच नाटकातून. ते पुढच्या प्रश्नांत येईलच. कानेटकर नाशिकचे, ‘नटसम्राट’ लिहिणारे शिरवाडकरही नाशिकचे. पुण्याच्या या नटाला मुंबईच्या रंगमंचावर नाशिककरांनी उभं केलं असं कुणी म्हटलं, तर पुणेकरांनी राग मानू नये.

डॉक्टरकी ते खरंच करत होते, की नावापुरती?

खरंच करत होते. पुण्यात साधारण सहा वर्षं व्यवसाय केला, मग पुढच्या प्रशिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंडला गेले. साठच्या दशकात टांझानियातल्या टाबोरा या गावीही त्यांनी प्रॅक्टिस केली. भारतात असले की नाटक चालू: पुण्यात पीडीए आणि मुंबईत विजया मेहता, तेंडुलकर, अरविंद देशपांडे या मंडळींची ‘रंगायन’.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. परदेशी जाऊन शिकून आलेला सर्जन म्हणजे त्या काळी काय, हे आज सांगून कळणार नाही. टाबोऱ्यात राहिले असते तर पैशाला तोटा नव्हता. पुण्यात स्थिरावले असते तर मानमरातब होताच. तेव्हा ‘डॉक्टरकीत जमलं नाही म्हणून नाटकात आले’ हा शेरा कुठे ऐकलात तर तो सरळ सोडून द्या.

कान-नाक-घशाचे डॉक्टर असल्यामुळे त्यांचा आवाज एवढा कमावलेला होता का?

शिबिरात हा प्रश्न हमखास येतो. स्वरयंत्र कसं चालतं हे ठाऊक असणं आणि त्यातून शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा स्वर काढता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसं असतं तर सगळे घशाचे डॉक्टर वक्ते झाले असते. आवाज जपण्यापुरता त्या ज्ञानाचा उपयोग झाला असेल, याहून जास्त श्रेय मी देणार नाही.

आणि खरं सांगायचं तर लागूंच्या आवाजात नुसती गाज नव्हती. त्यांचं वैशिष्ट्य होतं ते उच्चारात आणि विरामात. जोडाक्षरं स्वच्छ, वाक्याचा शेवट कधी गिळलेला नाही, आणि अर्थाच्या आधी एक क्षण थांबणं. ‘सामना’ पुन्हा लावून बघा आणि फक्त ते कुठे थांबतात तेवढं ऐका.

मग बेचाळिशीच्या उंबरठ्यावर सगळं सोडलं, हे धाडस म्हणायचं की वेडेपणा?

हिशेब करून बघू. १९६९ मध्ये त्यांचं वय एक्केचाळीस. व्यावसायिक नाटकात महिन्याचा पगार नाही. प्रयोग झाला तर नाइट. नाटक पडलं की उत्पन्न बंद. दौरे बसनं, रात्र-रात्रभर. आज साताऱ्यात, उद्या सांगलीत, परवा कुठल्या तरी गावच्या उघड्या थिएटरात पावसाकडे डोळे लावून. रविवारी दुपार-रात्र दोन प्रयोग. आजारी पडण्याची सोय नाही, कारण बुकिंग आधीच झालेलं.

दुसऱ्या बाजूला काळ मात्र अनुकूल होता. १९६५ मध्ये दादरचं शिवाजी मंदिर आणि १९६८ मध्ये पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर उभं राहिलं होतं. मुंबई-पुण्यात पांढरपेशा नोकरदार वर्ग तिकीट काढून नाटकाला येऊ लागला होता. नाट्यसंपदा, गोवा हिंदू असोसिएशन अशा संस्था शिस्तीत नाटकं करत होत्या. दहा वर्षं आधी हाच निर्णय घेतला असता तर बहुधा हात पोळले असते. म्हणून मला यात वेडेपणा दिसत नाही. अठरा वर्षं पाणी किती खोल आहे ते बघून मग मारलेली उडी आहे ती. शिबिरातल्या मुलांना हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण लागूंचं उदाहरण देऊन दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंग सोडणारे भेटतात. लागूंनी आधी शिक्षण पुरं केलं, मग व्यवसाय केला, आणि या सगळ्या काळात नाटक एकदाही सुटू दिलं नाही. हा शेवटचा भाग नेमका विसरला जातो.

त्यांचं पहिलं व्यावसायिक नाटक ‘नटसम्राट’ का?

नाही. पहिलं ‘इथे ओशाळला मृत्यू’, कानेटकरांचं, संभाजीराजांच्या अखेरच्या पर्वावरचं ऐतिहासिक नाटक. ‘नटसम्राट’ पुढच्या वर्षाच्या शेवटी आलं आणि त्याच्या झगझगाटात आधीचं सगळं झाकलं गेलं.

‘गिधाडे’ आणि निळा डाग हे काय प्रकरण आहे?

१९७० साल हे लागूंच्या आयुष्यातलं विलक्षण वर्ष. डिसेंबरात ‘नटसम्राट’, आणि त्याआधी त्याच वर्षी तेंडुलकरांचं ‘गिधाडे’, दिग्दर्शन लागूंचं. सत्यदेव दुबे यांच्या थिएटर युनिटतर्फे ते उभं राहिलं.

तेंडुलकरांनी हे नाटक बरंच आधी लिहून ठेवलं होतं. ते करायला कुणी धजत नव्हतं. एकाच घरात राहणारे बाप, मुलगे आणि बहीण पैशासाठी एकमेकांचे लचके तोडतात. शिव्या, मारहाण, दारू, आणि गर्भपात. ज्या प्रेक्षकाला नाटकातलं घर म्हणजे तुळशीवृंदावन आणि झोपाळा एवढंच ठाऊक होतं, त्याच्यासमोर हे ठेवायचं होतं.

परिनिरीक्षण मंडळानं, म्हणजे बोलीभाषेत सेन्सॉरनं, अनेक ठिकाणी कात्री लावली. सगळ्यांत गाजलेला आक्षेप माणिकच्या साडीवरच्या लाल डागावर होता. भावांनी मारलेल्या लाथेनं बहिणीचा गर्भ पडतो आणि ती रंगमंचावर येते तेव्हा साडीवर रक्त दिसतं. लाल डाग चालणार नाही, असं मंडळाचं म्हणणं. तेव्हा डागाचा रंग निळा करण्यात आला, आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं जाऊ लागलं की सेन्सॉरच्या आदेशामुळे हा डाग निळा दाखवत आहोत, तो आपण लाल समजावा.

हुशारी बघा. आदेश तंतोतंत पाळला. पण ही सूचना ऐकून आत बसलेला प्रत्येक माणूस पडदा वर गेल्यापासून त्या डागाचीच वाट बघत बसणार. झाकायला निघालेल्यांनीच त्यावर प्रकाशझोत टाकला. सेन्सॉरशी भांडण्याच्या मराठी रंगभूमीच्या इतिहासात इतकं नेमकं उत्तर दुसरं मला आठवत नाही. दोन वर्षांनी ‘सखाराम बाइंडर’वरून कमलाकर सारंग कोर्टात गेले, तो लढा मोठा होता. पण निळ्या डागातला खट्याळपणा वेगळाच.

व्यवसायात उतरून वर्ष-दीड वर्ष झालेलं असताना, जिथे प्रेक्षक बिथरला तर पोटावर पाय यायचा, तिथे लागूंनी हे नाटक हातात घेतलं. १९६९ च्या निर्णयापेक्षा मला हे जास्त धाडसाचं वाटतं.

‘नटसम्राट’ची भूमिका त्यांच्यासाठीच लिहिली होती का? त्या वेळी त्यांचं वय काय होतं?

पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७०, मुंबईत मरीन लाइन्सच्या बिर्ला मातोश्री सभागृहात. लेखक वि. वा. शिरवाडकर, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, संस्था दि गोवा हिंदू असोसिएशन, कावेरीच्या भूमिकेत शांता जोग. लागू नुकतेच त्रेचाळीस पुरे झालेले. ‘त्यांच्यासाठीच लिहिली’ असं मी म्हणणार नाही. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चं बीज शिरवाडकरांच्या मनात होतं आणि त्यातून त्यांनी स्वतंत्र मराठी नाटक उभं केलं.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. गणपतराव बेलवलकर, म्हणजे अप्पासाहेब, गाजलेले नट. निवृत्त होतात, होतं नव्हतं ते मुलांना वाटून टाकतात. मुलाच्या घरी अपमान, लेकीच्या घरी चोरीचा आळ. बायकोला ते ‘सरकार’ म्हणतात. तीही जाते, आणि शेवटी ते रस्त्यावर येतात. बूटपॉलिश करणारा एक पोरगा त्यांना आसरा देतो.

आता यातली अडचण कुठे आहे ती बघा. म्हातारा दिसणं ही अडचण नाहीच. रंगभूषा आणि चाल यांनी ते साधतं. बेलवलकर हे जुन्या पठडीचे नट आहेत. भरदार आवाज, लांबलचक पल्ले, प्रत्येक वाक्याला झालर. त्यांच्या जिभेवर हॅम्लेट आणि ऑथेल्लो आहेत आणि घरातल्या साध्या बोलण्यातही ते डोकावतात. लागूंचं घडणं अगदी उलट दिशेचं: आवाज कमी, अर्थ जास्त, भावना आवरून धरलेली. म्हणजे पीडीएच्या तालमीत ज्या अभिनयाला नको म्हटलं, तोच अभिनय करणारा माणूस आता उभा करायचा होता. त्याची टिंगल होऊ द्यायची नव्हती, आणि प्रेक्षकानं नुसत्या पल्लेदार स्वगतांवर टाळ्या देऊन मोकळं व्हावं, हेही होऊ द्यायचं नव्हतं.

त्यांनी दोन आवाज ठेवले, असं या भूमिकेबद्दल मला वाटतं. एक अप्पासाहेबांचा रंगमंचावरचा, दुसरा त्याच्या खालचा, थकलेल्या बापाचा. पहिल्या आवाजात बोलता बोलता अचानक दुसरा लागतो आणि अप्पासाहेब स्वतःच दचकतात. पुढे ही भूमिका करणाऱ्या अनेकांनी पहिला आवाज उचलला. स्नेहसंमेलनात ‘नटसम्राट’ची स्वगतं म्हणणारी शाळकरी मुलंही तोच उचलतात. दुसरा अवघड आहे.

त्यांच्यानंतर ही भूमिका कुणी केली?

प्रकृतीनं साथ दिली नाही म्हणून लागूंना ती सोडावी लागली. दत्ता भट, सतीश दुभाषी, चंद्रकांत गोखले, यशवंत दत्त यांनी ती पेलली. २०१६ च्या चित्रपटात नाना पाटेकर. कोण सरस हा वाद चहाबरोबर घालावा; इथे नको. फक्त दत्ता भटांचं नाव या यादीत घाईनं वाचून पुढे जाऊ नका, एवढंच.

डॉ. लागू आणि डॉ. काशिनाथ घाणेकर यांच्यात चुरस होती का?

२०१८ मध्ये घाणेकरांवरचा चित्रपट आला, त्यात सुबोध भावे घाणेकर आणि सुमीत राघवन लागू होते, आणि तेव्हापासून हा प्रश्न जास्त येतो. काही जण तर दोन डॉक्टरांची सरमिसळही करतात. घाणेकर दंतवैद्य, लागू कान-नाक-घशाचे. घाणेकरांचा संभाजी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’तला, १९६२ चा, आणि लाल्या ‘अश्रूंची झाली फुले’मधला. लागू व्यवसायात आले तेव्हा घाणेकर शिखरावर होते.

चित्रपटाला संघर्ष लागतो, त्यानं तो ठसठशीत केला. तो चरित्र म्हणून वाचू नये. पण दोन परंपरा समोरासमोर आल्या हे खरं. घाणेकरांच्या प्रवेशालाच थिएटर उठायचं. प्रेक्षक त्यांच्यासाठी यायचा, पात्र नंतर. लागू आले की आधी पात्र यायचं. यात एक श्रेष्ठ, दुसरा कनिष्ठ अशी मांडणी हल्ली सुशिक्षित लोक सहज करतात, ती मला पटत नाही. हजार माणसांचा श्वास एका एन्ट्रीत अडकवणं हीसुद्धा विद्याच आहे, आणि ती लागूंकडे नव्हती.

‘पिंजरा’ त्यांना कसा मिळाला? पडद्यावरचं पहिलं काम तेच ना?

पडद्यावर त्यांना घराघरांत पोचवणारं पहिलं काम तेच. १९७२, दिग्दर्शक व्ही. शांताराम, संध्या नायिका, निळू फुले सोबत, गीतं जगदीश खेबुडकरांची, संगीत राम कदमांचं. ‘नटसम्राट’नं त्यांचं नाव सगळीकडे झालं होतंच.

भूमिका आदर्शवादी मास्तरची. गावात तमाशा नको म्हणून फड उठवणारा श्रीधरपंत त्याच फडातल्या चंद्रकलेच्या नादी लागतो, गावाच्या लेखी मरतो, आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपात सापडतो. गावकरी ज्याच्या पुतळ्याला हार घालतात, तो जिवंतपणी तमाशात पडेल ते काम करतोय. कथानक भडक आहे यात वाद नाही. शांतारामबापूंची मांडणीही भडक. रंग, ढोलकी, घुंगरू, सगळं भरघोस. त्यात लागू जवळजवळ वेगळ्याच चित्रपटात असल्यासारखे काम करतात. मास्तर घसरतो त्या प्रवेशात चेहऱ्यावर जे घडतं ते अगदी थोडं आहे, पण कॅमेऱ्यानं ते टिपलं. रंगमंचावरून आलेले नट पडद्यावर पहिल्या खेपेला मोठे दिसतात. ही खोड त्यांना लागली नाही. आवरून काम करायची जुनी सवय इथे उपयोगी पडली असावी.

‘सामना’ एवढा महत्त्वाचा का मानतात?

तीन कारणांनी, आणि तिसरं माझं. एक, तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेलांचं चित्रपटातलं पदार्पण. निर्माते रामदास फुटाणे. दोन, १९७५ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेला. तीन, एकाच पडद्यावर दोन शाळांचे दोन नट: लागू आणि निळू फुले.

निळूभाऊ सेवादलाच्या कलापथकातून आणि लोकनाट्यातून आले. सहकारसम्राट हिंदुराव त्यांनी केला. लागूंचा मास्तर म्हणजे दारूत बुडालेला, कधीकाळी स्वातंत्र्यलढ्यात असलेला माणूस. हिंदुराव त्याला आपल्या वाड्यावर ठेवून घेतो, आणि मास्तर एका गायब झालेल्या माणसाबद्दल प्रश्न विचारू लागतो. जेवणाच्या, पिण्याच्या, नुसत्या बसण्याच्या प्रवेशांत या दोघांची जी जुगलबंदी होते, तिच्यात दोघांपैकी कुणीही आवाज चढवून जिंकत नाही. निळूभाऊ डोळे बारीक करतात, लागू हसतात. झोकांड्या देणारा दारुडा दाखवण्याचा मोह किती मोठा असतो! लागूंचा मास्तर प्यायलेला असताना उलट जास्त जपून बोलतो. बघा एकदा, खऱ्या पिणाऱ्यांचं असंच असतं.

या काळात ते फक्त नट होते की दिग्दर्शनही?

दोन्ही. ‘गिधाडे’ झालंच. १९७२ मध्ये कानेटकरांचं ‘हिमालयाची सावली’ आलं. महर्षी कर्वे आणि बाया कर्वे यांच्या सहजीवनावरून सुचलेलं. त्यात लागूंचे नानासाहेब भानू आणि शांता जोग यांची बयो. नाटक खरं तर बयोचं आहे, आणि ते बयोचं राहू देण्यात लागूंचा मोठेपणा. मग गो. पु. देशपांड्यांचं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’: एका डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची विद्यापीठात चौकशी, बस्स, एवढंच कथानक. नुसत्या बोलण्यावर उभं असलेलं हे राजकीय नाटक लागूंनी बसवलं आणि प्राध्यापकाचं कामही केलं. ‘रूपवेध’ ही त्यांची स्वतःची संस्था. व्यावसायिक नाटकात मिळालेलं नाव प्रायोगिक नाटकासाठी खर्च करायचं, हा त्यांचा रिवाज सुरुवातीलाच पडला. १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली, म्हणजे पूर्णवेळ नट होऊन पाचच वर्षांत.

हिंदीत काय केलं?

सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुष्कळ. बाप, न्यायाधीश, डॉक्टर, पोलीस अधिकारी. १९७७ चा भीमसेन यांचा ‘घरौंदा’ मात्र वेगळा काढावा लागेल. अमोल पालेकर, झरीना वहाब आणि वयस्क मालक मोदीच्या भूमिकेत लागू. खलनायक व्हायला सगळी सोय असलेला माणूस, आणि शेवटी त्याचीच कीव येते. सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. बाकी हिंदीनं त्यांचा चेहरा आणि आवाज घेतला, डोकं फारसं घेतलं नाही.

रंगभूमीवर एवढे डॉक्टर कसे?

लागू, घाणेकर, जब्बार पटेल (बालरोग), मोहन आगाशे (मानसोपचार) अशी यादी खरीच आहे. त्यातल्या तिघांचा धागा बी. जे. मेडिकल आणि पीडीएपर्यंत जातो. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात नाटक, गावात राज्य स्पर्धा आणि हाताशी एक गंभीर संस्था, असं तिन्ही एका शहरात जमलं होतं. याहून गूढ काही शोधू नये.

सुरुवातीचं काम आज बघायचं तर कुठून सुरू करू?

पीडीएच्या काळातलं रंगमंचावरचं काम डोळ्यांनी बघण्याची सोय नाही, ते गेलं. चित्रपट आहेत. आधी ‘सामना’, मग ‘पिंजरा’, मग ‘घरौंदा’, याच क्रमानं. सालवारीनं गेलात तर ‘पिंजरा’च्या गाण्यांत लागू हरवतील. त्यानंतर त्यांचं आत्मचरित्र ‘लमाण’ वाचा. त्यात नाटकांच्या तालमींवर जी पानं आहेत ती अभिनय शिकणाऱ्यानं पेन्सिल घेऊन वाचावीत. ‘नटसम्राट’ची संहिता पुस्तकरूपानं सहज मिळते. ती मनातल्या मनात न वाचता मोठ्यानं वाचा, आणि स्वगतं सोडून आधी अप्पासाहेब आणि कावेरी यांचे साधे, घरगुती संवाद घ्या.